लंगरानंतर काय? दख्खनच्या तगाईची गोष्ट

2025च्या सप्टेंबरमध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या तालुक्यांना पावसाने झोडपून काढले. एरवी हा सगळा भाग दुष्काळी म्हणून ओळखला जातो. पाण्याचे टँकर, चारा छावण्या आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या गाड्या, ही त्याची ठरलेली चित्रे. त्याच भागात नद्या-ओढे शेतात शिरले. कपाशी, तूर, सोयाबीन पाण्याखाली गेले, गोठ्यातली जनावरे वाहून गेली. गेलेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. पण नदीकाठच्या कित्येक रानांतली मातीच वाहून गेली. खाली मुरूम आणि गोटे उरले.

7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. रक्कम पुरेशी आहे की नाही, पैसे खात्यात कधी येणार, निकष कोणते, यावर व्हायचा तो वाद झाला आणि तो व्हायलाही हवा. मला मात्र त्या आकड्यांत दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या. एक पैसा झालेल्या नुकसानीचा होता. दुसरा पुन्हा उभे राहण्याचा होता. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रुपये रोख, आणि ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणण्यासाठी रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची कामे. शिवाय रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी 10 हजार. नुकसानीचा पैसा माणसाला आजचा दिवस काढू देतो. दुसऱ्या पैशावर त्याचा पुढचा हंगाम उभा राहतो.

हा दुसरा पैसा आजचा शोध नाही. दख्खनमध्ये त्याला पावणेचारशे वर्षांची वाट आहे, आणि त्याला एक नावही आहे. जुन्या माणसांना ते ठाऊक आहे : तगाई.

शब्दाची गोष्ट

तगाई हा शब्द आता सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरला आहे. 'विहिरीला तगाई काढली होती' हे वाक्य नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात एकेकाळी सहज ऐकू यायचे. सरकारी कर्ज एवढाच त्याचा अर्थ लोकांच्या डोक्यात राहिला.

मूळ शब्द तकावी. तो अरबीतून फारसीत आणि फारसीतून दख्खनच्या दफ्तरात आला. त्याचा अर्थ बळ देणे. ज्या धातूपासून तो आला, त्याच धातूपासून आपला 'कुवत' हा शब्द आला आहे. म्हणजे तगाई देणे याचा सरळ अर्थ, ज्याची कुवत संपली आहे त्याला पुन्हा कुवत देणे. कर्ज हा त्यातला व्यवहार झाला, हेतू बळ देण्याचा होता.

शेतीच्या मराठीत असे शब्द पावलोपावली आहेत. खरीप हे अरबीतले शरदाचे नाव, रब्बी हे वसंताचे. रयत, जमीन, हंगाम, फसल, पैमाईश ही मंडळी त्याच वाटेने आली आणि इथल्या मातीत मुरली. हे मी अभिमान मिरवायला सांगत नाही. दख्खनमधल्या मुसलमान राजवटींचा विषय निघाला की चर्चा किल्ले, लढाया, देवळे आणि मशिदी यांच्यापुढे सरकत नाही. त्या काळात शेती कशी होत होती, दुष्काळ पडल्यावर गावे पुन्हा कशी वसली, हे विचारणारे कमी. माझ्या मते इतिहासाचा सगळ्यात उपयोगी भाग तोच आहे, कारण त्यात आपले पूर्वज आहेत. बहुतेकांचे पूर्वज तख्तावर नव्हते, ते नांगरामागे होते.

1630 : पाऊस गेला, मग गाव गेले

अहमदनगर 1490च्या सुमारास अहमद निजामशहाने वसवले. मलिक अंबरच्या काळात निजामशाहीच्या जमीनमहसुलाला शिस्त आली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस राज्याचा वजीर झाला आणि त्याने गावोगावच्या जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवला. 'मलिकंबरी धारा' हे नाव पुढे कित्येक पिढ्या टिकले. 1626मध्ये तो वारला. पुढच्या चारच वर्षांत दख्खनवर असा दुष्काळ आला की त्याची घडी विस्कटून गेली.

1630मध्ये पाऊस झाला नाही. बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश, त्यात दौलताबाद-अहमदनगरचा भाग, आधीच्या वर्षापासूनच कोरडा होता. पाठोपाठ गुजरातही करपले. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने 'बादशाहनामा'त या दुष्काळाचे जे वर्णन केले आहे, ते वाचवत नाही. माणूस माणसाला ओळखेनासा झाला, एवढेच इथे म्हणतो. देहूला तुकोबांच्या घरावर याच दुष्काळाने घाला घातला. दुकान बुडाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली.

यात नुसता निसर्गाचा दोष नव्हता. शाहजहान त्या वेळी बुऱ्हाणपूरला तळ देऊन होता. निजामशाही संपवण्याची मोहीम चालू होती. सुरतेहून आग्र्याकडे निघालेला ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी याने वाटेत प्रेते पाहिली आणि फौजेसाठी धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडेही पाहिले. धान्य होते, पण ते फौजेकडे चालले होते. दुष्काळात लढाई मिसळली की काय होते, ते त्या रस्त्यावर दिसत होते.

बादशहाने मदत केली, हेही खरे. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे लंगर उघडले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी 5,000 रुपये गरिबांत वाटायचा हुकूम झाला, वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले. खालसा मुलखात सुमारे 70 लाखांचा सारा माफ झाला. लाहोरीने हे सगळे आदराने नोंदवले आहे. पण लंगर शहरांत होते आणि मरणारी माणसे खेड्यांत होती. जी शहरापर्यंत चालू शकली त्यांना शिजलेले अन्न मिळाले. जी वाटेत पडली ती पडली.

आणि समजा लंगराने सगळ्यांना जगवले असते, तरी पुढचा प्रश्न उरलाच असता. पाऊस पुन्हा पडला तेव्हा पेरायचे कशाने? बैल मेले होते किंवा विकले होते. बियाणे खाऊन संपले होते. पाटील, कुळकर्णी, कुणबी परागंदा झाले होते. कुणाचे रान कुठपर्यंत, हे सांगणारा माणूस गावात उरला नव्हता. 1633मध्ये दौलताबाद पडले, 1636मध्ये निजामशाहीचा मुलूख मोगल आणि आदिलशाहीने वाटून घेतला. मोगलांना मुलूख मिळाला, पण त्यात नांगर चालत नव्हता.

साखळीचे टोक हातात घेणारा दिवाण

पुढची वीस वर्षे अशीच गेली. सुभेदार बदलत राहिले, जहागिरी या हातातून त्या हातात जात राहिल्या. आज आहे आणि उद्या नाही अशा जहागीरदाराला पाच वर्षांनी पिकणाऱ्या रानात रस नसतो, आज हाती येईल ते तो काढून घेतो. 1652मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार नेमला गेला तेव्हा कागदावर चार सुभ्यांचा महसूल 3 कोटी 62 लाख रुपये होता आणि प्रत्यक्ष वसूल जेमतेम एक कोटी. दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ती ओसाड पडलेली गावे आहेत.

हे अंतर भरून काढायचे काम ज्याच्याकडे आले, त्याचे नाव मुर्शिद कुली खान. बंगालमध्ये मुर्शिदाबाद वसवणारा तो हा नव्हे. तो पुढच्या काळातला. हा मूळचा खुरासानचा. कंदाहारचा इराणी सुभेदार अली मर्दान खान मोगलांना येऊन मिळाला, त्याच्यासोबत हिंदुस्थानात आलेला. औरंगजेबाने त्याला आधी बालाघाटचा दिवाण केले. अहमदनगरचा मुलूख त्यातच येत होता. 1656मध्ये घाटाखालच्या पाईनघाटाचा कारभारही त्याच्याकडे आला.

त्याने काय केले, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे, कारण त्या क्रमातच शहाणपण आहे.

आधी त्याने माणसे परत आणली. पांगलेल्या रयतेला गावी बोलावले. जिथे मुकादम म्हणजे पाटील उरला नव्हता, तिथे शेतीची आस्था असलेला माणूस पाहून नवा नेमला. मग गावोगाव अमीन आणि मोजणीदार पाठवले. लागवडीची जमीन कोणती, खडकाळ कोणती, ओढ्या-नाल्यात गेलेली कोणती, याची नोंद झाली. मोजणीत गडबड होऊ नये म्हणून हा दिवाण कधीकधी साखळीचे एक टोक स्वतःच्या हातात धरून रानात उभा राहायचा, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. चार सुभ्यांच्या महसुलाचा मालक ढेकळांत उभा राहतो, ही गोष्ट मला लढाईच्या कुठल्याही पराक्रमापेक्षा मोठी वाटते.

त्यानंतर आली तगाई. ज्याच्याकडे काही नाही त्याला बैल, बियाणे आणि औताफाट्यासाठी सरकारी खजिन्यातून रक्कम. परतफेड सुगीला, हप्त्याहप्त्याने. एका वर्षी तर वऱ्हाड-खानदेशात बांध घालण्यासाठी 40 ते 50 हजार रुपये त्याने उचल म्हणून दिले. बांध म्हणजे माती आणि पाणी अडवणे. आज आपण ज्याला मृदसंधारण म्हणतो, तेच काम.

आणि सगळ्यात शेवटी सारा. तोही सगळीकडे एकसारखा नाही. मागास मुलखात जुनी नांगरावरची ठोक रक्कम चालू ठेवली. जिथे मोजणी झाली तिथे जरीब पद्धत, म्हणजे क्षेत्र आणि पीक पाहून उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा. आणि काही ठिकाणी बटाई. पावसावरच्या धान्यात निम्मे सरकारचे, निम्मे रयतेचे. विहिरीवरच्या धान्यात एक तृतीयांश सरकारचे आणि दोन तृतीयांश रयतेचे, कारण मोट रयतेने ओढलेली. ऊस, द्राक्षे अशा खर्चिक पिकांत सरकारचा हिस्सा चौथ्यापासून नवव्यापर्यंत खाली.

निम्मे धान्य देणे हलके नव्हते, हे मान्य करायला हवे. मोगल दिवाण रयतेवर दया म्हणून हे करत नव्हता. त्याला महसूल हवा होता आणि तो महसूल फौजेवर खर्च होणार होता. पण बटाईत एक गोष्ट आपोआप होते. पीक बुडाले तर सरकारचाही हिस्सा बुडतो. सरकार आणि शेतकरी एकाच खळ्यावर, एकाच राशीसमोर उभे असतात. नुकसानीत भागीदार असलेल्याला शेतकरी उभा राहावा असे मनापासून वाटते, कारण त्यात त्याचा स्वतःचा फायदा असतो. मुर्शिद कुलीच्या पद्धतीचा कणा मला हा दिसतो : आधी बळ द्या, मग जोखमीत वाटा घ्या, आणि वसुली पिकाच्या चालीने करा.

1658च्या धर्मातच्या लढाईत तो मारला गेला. पण 'मुर्शिद कुलीचा धारा' लोकांच्या आठवणीत राहिला.

कुवत आणि तवानगी

ही समज कुणा एका राजवटीची मिरास नव्हती, हेही सांगितले पाहिजे. त्याच 1630च्या दुष्काळात पुणे परगणाही उद्ध्वस्त झाला होता. शहाजीराजांच्या त्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी पुन्हा वसाहत कशी केली, लांडग्यांचा बंदोबस्त करून आणि सुरुवातीला नाममात्र सारा घेऊन रान लागवडीला कसे आणले, ते बखरी सांगतात.

शिवाजी महाराजांचे 5 सप्टेंबर 1676चे एक पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला ते लिहिलेले आहे. प्रभावळी कोकणातली, नगरपासून दूर. पण पत्रातला विचार घाटावरचाच आहे. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, असे महाराज त्याला सांगतात. ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत, पोटाला दाणे नाहीत, त्याला दोन-चार बैलांचे पैसे रोख दे, खंडी-दोन खंडी धान्य दे. व्याज लावू नको. नुसते मुद्दल, तेही हळूहळू, त्याला ताकद आल्यावर घे. यासाठी दोन लाख लारी खर्च झाली तरी चालेल, असेही ते कळवतात.

पत्रात शेतकऱ्याच्या क्षमतेसाठी 'कुवत' शब्द आहे, आणि वसुली केव्हा करायची ते सांगताना 'तवानगी' आहे. पहिला अरबीतून आलेला, दुसरा फारसीतून. दोन्हींचा अर्थ बळ. मोगल दिवाणाच्या दफ्तरात तकावी आणि मराठा राजाच्या पत्रात कुवत. हे दोघे एकमेकांचे शत्रू होते, पण मोडलेल्या शेतकऱ्याला काय लागते, याबद्दल त्यांचे मत एकच होते. महाराज तर एक पाऊल पुढे गेले, त्यांनी व्याजच काढून टाकले. वाचणारा मुसलमान असेल तर व्याजाविना उसने देणे म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगायला नको. आपण त्याला कर्ज-ए-हसना म्हणतो.

खळे जाऊन कागद आला

1818नंतर कंपनी सरकारचा अंमल आला आणि चित्र बदलले. ब्रिटिशांनी मोजणी केली, ती मुर्शिद कुलीपेक्षा बारकाईने केली. पण सारा रोख ठरवला आणि तीस-तीस वर्षांसाठी ठरवला. पीक आले काय, गेले काय, तारखेला रोकड भरायची. सरकार खळ्यावरून उठून कचेरीत जाऊन बसले. जोखीम सगळी शेतकऱ्याची झाली. ती त्याला पेलेना, तेव्हा तो सावकाराकडे गेला.

1875च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. ते लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जत भागात पसरले. पाठोपाठ 1876-78चा भयंकर दुष्काळ आला. सरकारने चौकशी आयोग नेमला, 1879मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा केला, आणि मग तगाईचे पुनरुज्जीवन केले. 1883चा कायदा विहिरी, ताली, जमीन-सुधारणा यांसाठी. 1884चा बी-बियाणे आणि बैलांसाठी. जुना शब्द सरकारी कागदावर परत आला.

शब्द आला, पण अर्थ पुसट झाला. आता तगाईला तारण लागे, आणि शेतकऱ्याकडे तारण म्हणजे बहुधा जमीनच. हप्ता थकला तर तो जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होई, म्हणजे जप्तीपर्यंत गोष्ट जाई. ज्याच्या नावावर जमीन होती, त्याला तगाई मिळे. ज्याच्या फक्त हातात नांगर होता, तो दारातही उभा राहू शकत नव्हता. बळ देण्याचा हात आता आधी कागद मागू लागला.

1972 : ज्याने फक्त हात मागितले

1972चा दुष्काळ नगर जिल्ह्याच्या अंगावर कोरलेला आहे. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडणे हे शब्द त्या पिढीला आजही पुरतात. माझी आजी खडीच्या कामावर होती. ती सांगायची की तिथे पाटलीणबाईही होती आणि मांगवाड्यातली बाईही होती, आणि हातोडी दोघींना सारखीच जड होती.

तो दुष्काळ आणि 1630चा दुष्काळ यांत एक मोठा फरक आहे. 1972मध्ये लोक मोठ्या संख्येने भुकेने मेले नाहीत, कारण सरकारने कामे काढली आणि मजुरी दिली. त्या कामांना आधार होता रोजगार हमीच्या कल्पनेचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली होती. पुढे 1977मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणला? शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. मुंबईचा कारकून नगरच्या दुष्काळात भागीदार झाला. बटाईचेच तत्त्व, फक्त खळे मोठे झाले.

आणि या योजनेने सातबारा मागितला नाही. काम करायला तयार असलेले दोन हात मागितले. भूमिहीन, वाटेकरी, अलुतेदार, बायका, सगळ्यांना तिथे जागा होती. पाझर तलाव, नालाबांध, ताली अशी जी कामे त्यातून झाली, त्यांतली बरीच निकृष्ट होती, भ्रष्टाचारही झाला. पण जिथे गावाने कामावर नजर ठेवली तिथे काय होऊ शकते, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवले. हिवरे बाजारला पोपटराव पवार 1989मध्ये सरपंच झाले. वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गावाने डोंगरावर चर खोदले, झाडे राखली, शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या, ऊस-केळी नाकारली आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावली. पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे परत आली. मुर्शिद कुलीच्या क्रमाची आठवण होते : माणसे, मोजणी, बांध, आणि मग उत्पन्न.

राशीवर ज्याचा हक्क, मदतीत त्याचा वाटा

आता 2025वर येतो. पॅकेजमधला पुन्हा उभे करण्याचा भाग मला योग्य वाटतो. खरडलेल्या जमिनीवर गाळ-माती आणून टाकायची, बांध घालायचे, आणि ते रोजगार हमीतून, म्हणजे गावातल्या हातांना काम देऊन करायचे, ही कल्पना तगाई आणि रोजगार हमी या दोन्हींची लेक आहे. ती कागदावरून रानात उतरावी, एवढीच इच्छा. माती परत तयार व्हायला वर्षे लागतात, तिला एका हंगामाचा निकष लावू नये.

पण एक दरवाजा अजून बंद आहे. पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावाने होतो आणि पैसा त्याच नावाच्या खात्यात जातो. आमच्या भागात कितीतरी रान वाट्याने केले जाते. मालक पुण्यात किंवा मुंबईत, नांगर दुसऱ्याच्या हातात. करार तोंडी. बियाणे, खत, मजुरी वाटेकऱ्याने आधी घातलेली. पूर आला, पीक गेले, वाटेकऱ्याची उसनवारी डोक्यावर राहिली आणि भरपाई मालकाच्या खात्यात गेली. भला मालक असला तर तो निम्मे काढून देतो. असे मालक मी पाहिले आहेत. पण ज्याचे घर उभे राहायचे ते दुसऱ्याच्या भलेपणावर सोडून देणे याला धोरण म्हणत नाहीत.

यातला उपरोध पाहा. बटाई म्हणजे नुकसानीत दोघांनी भागीदार व्हायचे. त्या शब्दातला 'वाटा' आज फक्त वाटेकऱ्याच्या नुकसानीला लागू आहे.

मालक लेखी करार का करत नाहीत, त्यालाही इतिहास आहे. 1948च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला, 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. तो कायदा न्यायाचा होता. पण त्यानंतर मालकाच्या मनात भीती बसली की नाव लागले तर जमीन जाईल. म्हणून नावच लावायचे नाही, हा रिवाज झाला. कसणाऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या कायद्यानंतर कसणारा कागदावरून नाहीसा झाला.

याला वाट नाही असे नाही. 2016मध्ये नीती आयोगाच्या तजमुल हक समितीने जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचवला होता : मालकी मालकाची सुरक्षित राहील आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, आपत्तीची मदत मिळेल. आंध्र प्रदेशाने 2019मध्ये पीक लागवडदारांसाठी कायदा करून 11 महिन्यांचे कार्ड द्यायला सुरुवात केली, त्याने मालकी हक्काला धक्का लागत नाही. ओडिशाच्या कालिया योजनेने वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबांनाही शेतकरी मानले. महाराष्ट्राला रोजगार हमी सुचली होती, तर एवढे सुचायला हरकत नाही. या हंगामात कोणते रान कोण कसतो, ही यादी ग्रामसभेत वाचून मंजूर करता येईल. गावाला ते माहीत असतेच.

हा प्रश्न माझ्या वाचकांतल्या अनेकांच्या घरातला आहे, म्हणूनही लिहितो. नगर-मराठवाड्याच्या खेड्यांतला मुसलमान बहुतांशी मोठा जमीनदार नाही. तो तांबोळी, बागवान, मुलाणी, पिंजारी, अत्तार आहे, किंवा वाट्याने शेत करणारा आहे. जुन्या गावगाड्यात मुलाण्याला खळ्यावर बलुते मिळायचे. रास मोठी तर सूप भरून, रास छोटी तर ओंजळभर. तोही एका अर्थाने बटाईचाच भागीदार होता. आज बागवान बागेतला माल आधी उचल देऊन घेतो, झाडावरच गारपीट किंवा पूर येतो, आणि त्याचे पैसे मातीत जातात. तो शेतकरी नाही, त्याचा पंचनामा नाही. हीच गत कोणत्याही जातीच्या भूमिहीनाची, ऊसतोड्याची, आणि जिच्या नावावर सातबारा नाही त्या विधवेची. म्हणून ही मागणी मुसलमानांची म्हणून करायची नाही. कसणाऱ्यांची आणि राबणाऱ्यांची म्हणून करायची आहे.

मशिदींतून, तरुण मंडळांतून पूरग्रस्तांसाठी धान्य आणि कपडे गोळा होतात, ते चांगलेच आहे. लंगर लागतोच, भुकेला थांबता येत नाही. पण लंगर उठल्यावर त्याच माणसाच्या रानात बैल किंवा ट्रॅक्टर कसा जाईल, पेरणीला बियाणे कुठून येईल, हेही विचारात घ्यायला हवे. शिधा वाटणाऱ्या मंडळांनी थोडी रक्कम बिनव्याजी उसने म्हणून बाजूला काढली, आणि ती वाटेकऱ्याला, विधवेला, बागवानाला पुढच्या पेरणीसाठी दिली, सुगीला मुद्दल परत घेतले, तर पावणेचारशे वर्षांपूर्वीचा एक शब्द पुन्हा त्याच्या खऱ्या अर्थाने वापरला जाईल. त्यासाठी दिवाण किंवा राजा असावे लागत नाही. साखळीचे एक टोक हातात घेऊन रानात उभे राहायची तयारी लागते.